‘च’ने घालवलेले गुण

राज्यसेवा पूर्व परीक्षेचा सीसॅट, म्हणजे आकलन, तर्क आणि गणिताचा पेपर, आता फक्त पात्रतेपुरता आहे. ८० प्रश्न, २०० गुण, त्यातले ३३ टक्के मिळवायचे, म्हणजे ६६. मला मिळाले ६१.२५. तीस बरोबर, बावीस चूक, आणि प्रत्येक चुकीमागे पाव प्रश्नाचे गुण कापलेले. गणितात फारसं गेलं नव्हतं. घात केला विधान-गृहीतकांनी, म्हणजे दिलेलं विधान न सांगता काय धरून चाललंय ते ओळखायच्या प्रश्नांनी.

अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या ताईने माझी सरावाची वही मागितली. त्यात एक विधान होतं: ‘गावाला एसटी सुरू झाली, त्यामुळे मुलींची शाळेतली गळती कमी होईल.’ यात काय गृहीत धरलंय? मी खूण केली होती, ‘वाहन नसणं हेच गळतीचं मुख्य कारण आहे.’ माझ्या मामेबहिणीची शाळा एसटीअभावीच सातवीनंतर सुटली. मला दुसरं उत्तर सुचणंच शक्य नव्हतं.

ताई म्हणाली, “अगं, खरं आहे का ते विचारलंच नाहीये. ते उलटं कर आणि विधान पडतंय का बघ.”

केलं उलटं. वाहन हे मुख्य कारण नाही, समजा लवकर लग्न हे आहे. तरी एसटीमुळे चार मुली टिकतीलच की! गळती तेवढी कमी होईल. विधान उभंच राहिलं. मग दुसरा पर्याय घेतला: ‘काही मुली वाहनाअभावी शाळा सोडतात.’ उलटं केलं, तर एकही मुलगी वाहनाअभावी शाळा सोडत नाही. आता एसटी येऊन काय उपयोग? विधान तिथेच कोसळलं. हेच गृहीतक. तिसरा पर्याय होता ‘मुलींनी शिकलं पाहिजे’. शंभर टक्के पटणारा, पण विधानाला त्याची गरजच नाही.

त्यानंतर दोन महिने रोज दहा प्रश्न असेच उलटे करून सोडवले. पर्यायात ‘च’, ‘फक्त’, ‘सर्व’, ‘नेहमी’ दिसलं की पेन्सिलीने गोल करायचा आणि थांबायचं. असे पर्याय दर वेळी चूक नसतात, विधानातच ‘फक्त’ असेल तर गृहीतकातही लागतो. म्हणून गोल केला तरी उलटं करून बघणं सोडायचं नाही. शेती आणि पाण्याचे प्रश्न मला सगळ्यात जड गेले, कारण तिथे मला आधीच बरंच माहीत असतं आणि ते मध्ये येतं.

पुढच्या वेळी सीसॅटला ८५ मिळाले. मामेबहिणीला फोन करून तो एसटीचा प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, “आमच्या वर्गातल्या आणखी दोघी होत्या बघ. पण त्यांची लग्नं ठरली होती.”