पांढऱ्या रश्श्यातलं हाड

कोल्हापुरातला रविवार, घरात कोंबडीचा तांबडा-पांढरा. भाचीच्या ताटात छातीचा तुकडा आला आणि त्यातून गलोलीच्या बेचक्यासारखं ते दोन फाट्यांचं हाड निघालं. दोन हासळ्या, म्हणजे गळ्याखालची हाडं, जुळून बनलेलं. म्हटलं, "बाळा, असलं हाड टायरॅनोसॉरस डायनासोरलापण होतं बघ." पोरगी जेवायचीच थांबली.

या हाडानं भल्याभल्यांना चकवलंय. १९२६ मध्ये डेन्मार्कचे पक्षी-अभ्यासक हाइलमान यांनी मांडलं की डायनासोरांना हासळ्याच नव्हत्या, मग पक्षी त्यांच्यापासून येतील कसे? कित्येक दशकं तेच चाललं. आणि ओव्हिरॅप्टर या डायनासोरच्या सांगाड्यात हे हाड तेव्हाही होतंच, फक्त कुणी ओळखलं नव्हतं! मला तर हे वाचताना दरवेळी काटा येतो.

पुढं जीवाश्मांचे अभ्यासक जॉन ऑस्ट्रॉम यांनी हाडं जुळवून पक्षी-डायनासोरांचं नातं पुन्हा मांडलं, आणि १९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंगमधनं सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनासोर आला, अंगावर पिसांची लव घेऊन.

"मामा, रंग कसला होता?" काही जणांचा कळतो. अँकिऑर्निस या पिसांच्या डायनासोरच्या पिसांतले रंगकण तपासून २०१० मध्ये सांगितलं गेलं: अंग काळं-करडं, पंखांवर पांढरे पट्टे, डोक्यावर तांबूस तुरा.

"आणि दात?"

होते की. आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्यालासुद्धा होते.