सालींची वही: सध्या मुक्काम अर्जुनावर

अर्जुनाचं झाड ओळखणं आता बऱ्यापैकी जमतंय. नदी-ओढ्याच्या काठाला पांढुरकं, गुळगुळीत खोड आणि त्यावरून आपोआप सुटणारे पातळ पापुद्रे दिसले की बहुतेक तोच. ऐनाचं झाडही त्याच कुळातलं, पण साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. फळाला पाच पंख दोघांच्याही असतात, फक्त ऐनाचे रुंद आणि शिरा आडव्या, अर्जुनाचे अरुंद आणि शिरा वर वळलेल्या, हे एकदा हातात घेऊन बघाच.

सध्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, सालीचा तुरटपणा. टॅनिन. साल रात्रभर भिजवून उकळली आणि त्यात सुती तुकडे टाकले, तर तुरटी लावलेला फिकट तपकिरी झाला आणि लोखंडाच्या पाण्यातला पार काळपट राखाडी! टॅनिन आणि लोह भेटलं की हा रंग येणारच. त्वचा आकसून घेणं हाही टॅनिनचाच गुण, म्हणून जखमा धुवायला आणि जुलाबावर सालीचा काढा वापरात आला असावा असं मला वाटतं.

हृदयासाठी अर्जुन हे सगळ्यांना पाठ असतं, पण मला जास्त भावलं ते सुश्रुताचं. मोडलेलं हाड स्थिर ठेवायला ज्या झाडांच्या साली बांधायच्या त्यात मोह, उंबर, पिंपळ, पळस यांच्यासोबत ककुभ म्हणजे आपला अर्जुन आहे, म्हणजे इथे साल पोटात घ्यायची नाही, तीच फळी! हृदयाशी नातं वाग्भट या आयुर्वेदाचार्यापासून सांगतात, आणि चक्रदत्त या आयुर्वेदाच्या ग्रंथात साल दुधात शिजवायची कृती येते.

या क्षीरपाकाचं, म्हणजे दुधात शिजवलेल्या काढ्याचं, प्रमाण 1 भाग सालीची भरड, 8 भाग दूध, 32 भाग पाणी, मंद आचेवर दूध उरेपर्यंत आटवायचं. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात म्हणून साध्या काढ्यापेक्षा हा घशाखाली सहज उतरतो. बीपी, हृदय किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका, हे कळकळीनं सांगतेय.

पुराणकथेत अर्जुनाचं झाड म्हटलं की यमलार्जुन, म्हणजे अर्जुनाची जोडी. कुबेराची मुलं नलकूबर आणि मणिग्रीव शापानं जोडझाडं झाली, बाळकृष्ण उखळ ओढत मधून गेला, झाडं उन्मळली आणि दोघं मोकळे झाले. नक्षत्रवनात, म्हणजे प्रत्येक नक्षत्राचं एक झाड मानून लावलेल्या बागेत, हा स्वातीचा वृक्ष, त्यामुळे स्वाती नक्षत्रवाले तो आवर्जून लावतात.

साल गोळा करणाऱ्यांनी कृपा करून खोडाभोवती पूर्ण कडं काढू नका, पानांतलं अन्न मुळांपर्यंत जायची वाट तुटते आणि झाड वाळतं. एका बाजूची बाहेरची साल काढून आतला थर राखला तर ती पुन्हा भरते. मी तर आपोआप गळलेले पापुद्रेच वेचते, रंगाच्या प्रयोगांना तेवढे पुरतात.

आता ऐनाची साल त्याच पद्धतीनं उकळून दोन्ही रंग शेजारी ठेवायचेत. कुणी आधी केलं असेल तर लोखंडाच्या पाण्यात कापड किती वेळ ठेवलं ते नक्की लिहा.