इंजिन घ्यायच्या आधी नावेची मागची फळी मोजा

डोंग्याला किंवा पत्र्याच्या नावेला मागच्या फळीवर लटकवायचं इंजिन (आउटबोर्ड) लावायचं ठरलं की सगळे आधी हॉर्सपॉवर विचारतात. टेप मात्र कोणी काढत नाही. इंजिन फळीवर किती खाली बसतं, यावर नाव धावणार की पाणी घुसळत राहणार हे ठरतं.

फळीच्या वरच्या कडेपासून, अगदी मधोमध, नावेच्या तळापर्यंत माप घ्या. आखूड शाफ्टचं (पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याचं) इंजिन साधारण 15 इंची फळीसाठी असतं, लांब शाफ्टचं 20 इंचीसाठी. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेल्या नावेची फळी 17-18 इंच निघाली तर यातलं कोणतंच नीट बसत नाही. अशा वेळी फळी कापून 15 वर आणू नका, लाट आली की मागून पाणी आत येतं. लांब शाफ्ट घ्या आणि वरून सागाचा तुकडा बोल्टने पक्का कसून उंची 20 करा.

पंख्याच्या लगेच वर जी आडवी, सपाट पट्टी असते तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये, हे तिचं काम. नाव काठावर दोन ओंडक्यांवर ठेवा, इंजिन लटकवा आणि टिल्टची पिन (इंजिनाचा कल ठरवणारी खीळ) अशा भोकात घाला की प्लेट तळाशी समांतर राहील. मग चार फुटी सरळ पट्टी तळाला टेकवून मागे काढा. प्लेट त्या पट्टीच्या बरोबरीत किंवा जास्तीत जास्त एक इंच खाली हवी. जाळी आणि दोन माणसं घेऊन हळू चालणाऱ्या नावेला एक इंच खालीच बरं.

प्लेट फार वर राहिली तर वळताना पंखा हवा पकडतो, इंजिन किंचाळतं आणि नाव जागीच राहते. थंड करायचं पाणी ओढलं गेलं नाही तर इंजिन तापतं, आतला रबरी इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपाचं चाक) कोरडा फिरून जळतो. म्हणून इंजिनाच्या मागून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर कायम नजर ठेवा. धार थांबली की इंजिन लगेच बंद करा आणि इंजिन पाणी ओढतं त्या भोकाच्या जाळीत शेवाळ अडकलंय का बघा. प्लेट फार खाली गेली तर पाण्याचा अडथळा वाढतो, पेट्रोल जास्त जातं आणि हँडल जड होतं.

उंची बरोबर असूनही पंखा हवा घेत असेल तर नावेच्या तळाला मधोमध लांबीभर असलेल्या पट्टीकडे (कील) बघा. ती फळीपर्यंत जाडच्या जाड आली असेल तर तिच्यामागचं फेसाळ पाणी थेट पंख्यावर येतं. शेवटचा फूटभर भाग तासून निमुळता करा.

इंजिन फळीला पकडून ठेवणारे क्लॅम्प हाताने घट्ट आवळा आणि अर्ध्या तासाने पुन्हा आवळा, कारण लाकूड दबतं. इंजिनाला साखळी बांधून तिचं दुसरं टोक नावेच्या कडीला अडकवा.

गोसीखुर्द किंवा इटियाडोहसारख्या जलाशयात उन्हाळ्यात पाणी उतरलं की खोडं वर येतात. तिथे इंजिन दोरीने खाली जखडू नका. खोडाला धडकल्यावर ते मोकळं वर उचललं गेलं पाहिजे, नाहीतर फळीच फाटते.