दोन उड्यांच्या मधली जमीन

मे महिन्यातली सकाळ, साडेसहाची वेळ. जर्मनीतल्या वारेनडॉर्फजवळच्या एका खेड्यात, तबेल्याबाहेर मी एका पेटीवर उभी राहून लोटेच्या आयाळीच्या वेण्या घालत होते. पाणी लावायचं, तीन पेड घट्ट ओढायचे, वेणी दुमडून रबर लावायचं. अशा पंधरा वेण्या. लोटे ही सोळा वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी. ती एक मागचा पाय सैल सोडून डुलकी काढत होती, आणि माझ्या बोटांना मात्र गार घाम सुटला होता. 2023 साल. माझी आयुष्यातली पहिली शो जंपिंगची, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याची स्पर्धा त्या दिवशी होती.

फलटणमधून अनेकजण विचारतात, "तू नोकरीला गेलीस आणि हे घोड्याचं कुठून काढलंस?" म्हणून आज सविस्तर लिहिते.

घोड्याचं वेड मला इथं लागलेलं नाही. आमच्याकडून चांदोबाचा लिंब फार लांब नाही. आषाढीला माउलींची पालखी जाते तेव्हा पहिलं उभं रिंगण तिथं होतं. शितोळे सरकारांचे अंकलीहून आलेले दोन अश्व, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण त्यावर माउली बसलेले असतात. तो रिकाम्या पाठीचा घोडा वारकऱ्यांच्या रांगांमधून भरधाव निघाला की अंगावर काटा यायचा. तो पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायचे, आजी माझ्याही लावायची. घोडा इतक्या जवळून बघितला तो तेवढाच. आपल्याकडे घोडेस्वारी शिकायची तर सैन्यात जायचं, किंवा मुंबईत महालक्ष्मीला अॅमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या ठिकाणी. फलटणच्या मुलीला दोन्ही लांबचंच.

2018 मध्ये शेतीयंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी वारेनडॉर्फच्या भोवतालच्या म्युन्स्टरलँड भागात आले. हा भाग म्हणजे जर्मनीची पागाच. जर्मन अश्वारोहण महासंघाचं मुख्यालय वारेनडॉर्फमध्ये, सरकारी अश्वपैदास केंद्र 1826 पासून इथलंच. सायकलवरून कामाला जाताना दोन्ही बाजूंना कुरणं आणि कुरणांत घोडे. आपल्याकडे गावाला तालीम असते तसा इथं गावाला घोडेस्वारीचा क्लब. माझ्या घराजवळ एक तबेला होता, तिथं नाव घातलं.

तिथं जे झालं ते सांगायलाच हवं, कारण नवख्या माणसाचं घोडं नेमकं तिथंच पेंड खातं. मला उडीची घाई होती आणि त्या तबेल्याला गिऱ्हाईक खूश ठेवायची. दुडकी चालीत धड बसता येत नव्हतं, तरी दोन महिन्यांत मला 60 सेंटिमीटरच्या अडथळ्यावर घातलं. चार-पाच वेळा जमलं. सहाव्या वेळी घोडा अडथळ्याआधी एक ढांग जास्त घेऊन जवळून उडाला, माझा तोल मागे गेला, मी लगामाला लटकले आणि उतरताना खांद्यावर पडले. गळपट्टीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. पण त्या दुखण्यापेक्षा मनात रुतलेली गोष्ट वेगळी आहे. पडताना माझा सगळा भार लगामावर, म्हणजे त्या बिचाऱ्याच्या तोंडातल्या लोखंडावर आला होता. त्यानं मान वर फेकली, तोंड उघडलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. घोड्यानं मला पाडलं नव्हतं, मी त्याला दुखवलं होतं.

दुसऱ्या तबेल्यात ज्या बाई भेटल्या त्यांच्याकडेच मी आजही शिकते. पहिल्या दिवशी त्यांनी माझी कहाणी ऐकून घेतली आणि लगाम काढून घेतला. रिकिबीही काढल्या. घोडा एका लांब दोरीवर धरून गोल फिरवायचा, मी वर बसायचं, हात कमरेवर. मनात म्हटलं, हे तर रिंगणच. चार महिने आठवड्यातून दोनदा हेच. मराठीत आपण ज्याला मांड म्हणतो ती अशी बनते. मांड म्हणजे मांड्यांनी आवळून धरणं असं मी समजत होते, आणि नेमकं तेच चूक. आवळलं की माणूस वर उचलला जातो. मांड पक्की होते ती कंबर सोडल्यावर, टाच खाली गेल्यावर, घोड्याची पाठ जशी हलते तसं ओटीपोट हलू दिल्यावर. ज्या दिवशी दुडकी चालीत माझे दात वाजायचे थांबले त्या दिवशी बाईंनी लगाम परत हातात दिला.

इथल्या शिकवणीत घोड्याच्या तयारीच्या सहा पायऱ्या मानतात. आधी ताल, मग शरीर आणि मनाचा मोकळेपणा, मग लगामाशी हलका पण सलग संपर्क, मग जोम, सरळपणा आणि शेवटी एकवटलेपण. उडी या यादीत नाहीच. याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

एकदा मी हिशेब केला. सुरुवातीच्या वर्गाच्या कोर्समध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या आखलेल्या वाटेत, साधारण आठ अडथळे असतात. एकूण अंतर 350 मीटर धरा, वेग मिनिटाला 350 मीटर, म्हणजे सगळा खेळ एका मिनिटाचा. एका उडीत घोडा हवेत असतो तो जेमतेम अर्धा सेकंद. आठ उड्यांचे झाले चार. उरलेले 56 सेकंद घोडा जमिनीवर असतो, आणि स्वाराचं काम त्या 56 सेकंदांतच आहे. वळण कसं घेतलं, ताल टिकला का, घोडा सरळ आहे का, यावर उडी ठरून जाते. हवेत गेल्यावर स्वारानं एवढंच करायचं, घोड्याच्या आड यायचं नाही. हात मानेबरोबर पुढे जाऊ द्यायचे. माझ्यासारख्या नवख्यांना बाई आयाळीची बट मुठीत धरायला लावतात, म्हणजे तोल गेला तरी लगाम ओढला जात नाही.

म्हणून सराव सुरू होतो तो जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवर. एकावर एक रचायचं काहीच नाही. दोन दांडे 18 मीटरवर ठेवतात आणि कँटरमध्ये, म्हणजे संथ दौडीत, मधल्या ढांगा मोजत जायचं, मोठ्यानं. कँटरमधली घोड्याची एक ढांग साधारण साडेतीन मीटरची, शिवाय दांड्यांपाशी उतरण्या-उडण्याची जागा सोडायची. आता चार ढांगांत पार कर. आता त्याच अंतरात पाच घाल. आता पुन्हा चार. वर्षभर मी हे केलं असेल. ढांग लांबवणं सोपं वाटतं, पण लगाम न ओढता ती आखूड करणं, फक्त पाठ ताठ करून आणि श्वास सोडून, हे ज्या दिवशी लोटेनं ऐकलं त्या दिवशी तिच्या मानेवर डोकं टेकवून मी रडले होते.

लोटे माझी नाही. इथं अर्धवाटा घेता येतो. मालकाला दरमहा ठराविक रक्कम द्यायची आणि आठवड्याचे दोन-तीन दिवस घोडा आपल्याकडे. पण दिवस आपला म्हणजे कामही आपलं. खरारा करायचा, खुरांतली माती आणि खडे हुकानं काढायचे, लीद उचलायची, पायांवरून हात फिरवून कुठे सूज किंवा ऊब आहे का बघायचं. हे मी कधीच दुसऱ्यावर सोडत नाही. खूर उचलताना तिनं अंग टाकलं की नाही यावरून ती त्या दिवशी कशी आहे ते मला कळतं.

स्पर्धांची उतरंड इथं सरळ आहे. ई, ए, एल, एम, एस असे वर्ग. ई म्हणजे साधारण 80-85 सेंटिमीटर, ए 95 पासून, एल 115, एम 125 पासून आणि एस 140 पासून पुढे. ऑलिम्पिकमध्ये अडथळे 1.65 मीटरपर्यंत जातात. शिवाय स्वारांसाठी परीक्षा आहेत, 10 पासून उलट 1 पर्यंत, 10 सगळ्यात सोपी. मी 2022 मध्ये पाचवी दिली. ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चाली), उडी आणि तोंडी परीक्षा असं तिन्ही होतं. तोंडी परीक्षेत पोटशूळ उठलेल्या घोड्याची लक्षणं मी जर्मनमधून सांगितली, त्याचा मला अजून अभिमान आहे.

आणि ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, की खालच्या वर्गात घड्याळाची शर्यत नसते. शैलीला गुण असतात, 0 ते 10. दांडा पडला तर त्यातून अर्धा गुण वजा. जो बेफाम पळवतो तो मागे पडतो, जो तालात जातो तो पुढे. वरच्या वर्गांत दंडगुण आणि वेळ येते, दांडा पडला की चार, घोडा अडला तरी चार. पण तोवर हात आणि मांड तयार झालेली असते.

तर त्या मे महिन्यातल्या सकाळी. स्पर्धेआधी कोर्स पायी चालून बघायची मुभा असते. बाई आणि मी पांढऱ्या ब्रीचेसवर, म्हणजे स्वारीच्या विजारीवर, चिखल उडवत निघालो. लाल झेंडी उजवीकडे, पांढरी डावीकडे, त्यांच्या मधून जायचं. माणसानं 90 सेंटिमीटरचं पाऊल टाकलं तर चार पावलांची घोड्याची एक ढांग. दोन पावलं उतरण्याची, दोन उडण्याची सोडायची. चौथ्या आणि पाचव्या अडथळ्यामध्ये माझी 20 पावलं भरली, म्हणजे मध्ये चार ढांगा. सहावा अडथळा झाडाच्या सावलीत होता. बाई तिथं थांबल्या. "इथं ती जरा बघेल," त्या म्हणाल्या, "तू बघू नकोस. तू पलीकडचं कुंपण बघ." घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. जवळपास सगळीकडचं दिसतं, पण नाकासमोर अगदी जवळचं दिसत नाही. लाल-हिरव्यातला फरकही त्याला आपल्यासारखा कळत नाही. उन्हातून सावलीत जाणारा दांडा त्याला आपल्याहून वेगळाच दिसतो. म्हणजे शेवटच्या क्षणी तो विश्वासावर उडतो.

घंटा झाली. पहिले पाच अडथळे कसे गेले ते मला आठवत नाही, फक्त मी ढांगा मोजत होते तो माझाच आवाज आठवतो. सहाव्याला लोटेचे कान ताठ झाले. मी पलीकडचं कुंपण बघितलं, पोटऱ्या तिच्या अंगाशी ठेवल्या आणि थांबले. ती गेली. सातव्याला माझंच चुकलं. आनंदात ताल सुटला, ती लांबून उडाली आणि मागच्या पायानं दांडा खाली आला. लाकडी दांडा पडल्याचा तो पोकळ आवाज पाठीत ऐकू येतो.

परीक्षक ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांसमोर निकाल वाचतात. "शांत हात, चांगली लय, सातव्या अडथळ्याआधी घाई. 7.2, त्यातून 0.5 वजा. 6.7." अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी सहावी आले. लगामाला लावायची एक छोटी कापडी फीत मिळाली, ती माझ्या देवघरात आहे.

संध्याकाळी आईला फोन केला. नंबर किती आला हे तिनं विचारलंच नाही. "घोडीला लागलं नाही ना कुठं?" आणि मग, "तिच्या पायाची माती लावलीस का कपाळाला?" मी लावली होती, पाय धुण्याआधी.

वारेनडॉर्फला कधी आलात तर हल्ला नावाच्या घोडीचा ब्राँझचा पुतळा बघा. 1956 चं ऑलिम्पिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइनच्या नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. हान्स ग्युंटर विंकलर यांच्या जांघेचा स्नायू पहिल्या फेरीत फाटला. दुसऱ्या फेरीत त्यांना धड बसताही येत नव्हतं, आणि हल्ला त्यांना घेऊन एकही दांडा न पाडता पार गेली. वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही सुवर्ण. जर्मनीत स्पर्धेच्या घोड्याला आता हल्ला हे नाव देत नाहीत. लोक म्हणतात, घोडीनं एकटीनं जिंकलं. बाईंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, त्याआधीची कितीतरी वर्षं विंकलर तिच्याशी जसे वागले त्याचं ते फळ होतं. मला दोन्ही खरं वाटतं. मला तिथं चांदोबाच्या लिंबाचा तो रिकाम्या पाठीचा अश्वच आठवतो.

आपल्या मुलांना यात काही भवितव्य आहे का, असंही लोक विचारतात. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजमध्ये भारतीय संघाला सुवर्ण मिळालं, अश्वारोहणातलं 41 वर्षांनी आलेलं. त्या चौघांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. चौघांनीही वर्षानुवर्षं युरोपात राहून सराव केला होता. तेव्हा वाट लांब आणि खर्चाची आहे, पण कोणी गेलंच नाही अशी नाही. तुम्ही कुठेही शिकायला जाल तर माझं एवढं ऐका. पहिल्या महिन्यात उडी मारायला देणाऱ्या तबेल्यात नाव घालू नका. तिथले शिकवणीचे घोडे बघा, त्यांच्या पाठीवर हात दाबल्यावर ते अंग चोरतात का बघा. चांगलं हेल्मेट स्वतःचं घ्या, बाकी सगळं उसनं चालतं.

आता मी ए वर्गात उतरते, 95 सेंटिमीटर. गेल्या स्पर्धेत जोड-अडथळ्याच्या (जवळजवळ मांडलेल्या, एकच धरलेल्या अडथळ्यांच्या) दुसऱ्या भागाचा दांडा पुन्हा पडला. लोटे अठराची झाली आहे, तिला याहून उंच मी नेणार नाही. व्हिडिओ बाईंबरोबर तीनदा बघितला. चूक उडीत नाहीच, त्याआधीच्या वळणात मी आतल्या लगामाला हात लावते आणि तिच्या उजव्या खांद्याची बाजू बाहेर पडते. परवा मंगळवार. बाईंनी आधीच सांगून ठेवलंय, उडी एकही नाही, एक वळण आणि जमिनीवर चार दांडे.