दुपारी पानांनी मान टाकली तर?

लगेच झारी उचलू नका. आधी बोट 2 इंच मातीत खुपसा. ओल लागली तर झाड नुसतं उन्हाने मलूल झालंय, संध्याकाळी सावरेल. वर आणखी पाणी ओतत राहिलात तर मुळं कुजतात. माती ठणठणीत कोरडी असेल तर मात्र भर दुपारीही पाणी द्या, सकाळची वाट बघू नका. घातलेलं पाणी क्षणात तळातून बाहेर येतंय? मग माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली आहे, मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. नंतर 2 इंच पालापाचोळा पसरा, खोडाला न टेकवता. रासायनिक खत? आता नकोच. कोरड्या मातीत त्याने मुळं करपतात.