जरा बॅग बघाल का?

स्टेशनवर, दवाखान्याबाहेरच्या बाकावर, कुठल्या तरी कार्यालयाच्या रांगेत हा प्रश्न हमखास येतो. "जरा बॅग बघाल का? आलोच दोन मिनिटांत." विचारणारा आपल्या ओळखीचा नसतो. आपण मान डोलावतो आणि तो निघूनही जातो.

विचार केला तर हा व्यवहार अजबच आहे. अनोळखी माणसं बॅग पळवतील ही भीती, म्हणून ती सोपवायची कुणाकडे, तर एका अनोळखी माणसाकडेच! बरं, आपली निवड कशावरून झाली? चेहऱ्यावरून, चष्म्यावरून? माझा तरी असा समज आहे, की शेजारी बसलेला असणं एवढीच पात्रता पुरते.

खरी गंमत पुढे. तोवर मी पेंगत असतो. आता एकदम पहारेकरी होतो. कुणी बॅगेजवळून गेलं, की मान वळते. तहान लागली तरी उठवत नाही. स्वतःची पिशवी कुठे कलंडलीय याचं भान नसतं, पण परक्याच्या बॅगेची चेन अर्धी उघडी आहे हे मात्र दिसतं. दोन मिनिटांची वीस होतात, मनातल्या मनात त्या गृहस्थाचा उद्धार होतो, पण जागा काही सुटत नाही.

थॉमस मोरियार्टी या मानसशास्त्रज्ञाने हेच न्यूयॉर्कजवळच्या एका समुद्रकिनाऱ्यावर करून पाहिलं होतं. त्याचा अभ्यास 1975 साली प्रसिद्ध झाला. वाळूवर रेडिओ ठेवून एकजण उठून जायचा आणि थोड्या वेळाने ठरवून पाठवलेला 'चोर' येऊन तो उचलायचा. जाणाऱ्याने शेजाऱ्याशी नुसतं काहीतरी किरकोळ बोलणं केलं असेल, तर 20 पैकी 4 जणच चोराच्या आड आले. "माझ्या सामानाकडे लक्ष ठेवाल का?" असं विचारलं असेल, तर 20 पैकी 19. माणसं त्याच किनाऱ्यावरची, रेडिओ तोच. आधीचे सोळाजण वाईट होते असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेला पाकिटांचा प्रयोग याहून मोठा. 40 देशांतल्या 355 शहरांत 17 हजारांहून जास्त पाकिटं "रस्त्यावर सापडलं" म्हणून वेगवेगळ्या संस्थांच्या काउंटरवर दिली गेली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. पैशांचं पाकीट गडप होणार, हा अंदाज तुमचाही असेल, माझाही होता. झालं उलटं. पैसे नसलेलं पाकीट सापडल्याचं सरासरी 40 टक्के लोकांनी मालकाला कळवलं, पैसे असलेलं 51 टक्क्यांनी. संशोधकांच्या मते, स्वतःच्याच नजरेत चोर ठरणं माणसाला जड जातं. अर्थात उरलेले 49 टक्केही आहेतच, त्यामुळे मी काही पाकीट टाकून बघणार नाही. आणि विमानतळावर परक्याचं सामान सांभाळू नका असं बजावतात, तेही सकारणच.

मी स्वतः हा प्रश्न फार क्वचित विचारतो. संकोच वाटतो, आणि खोटं कशाला बोलू, शंकाही येते. एकदा मात्र इलाज नव्हता. रात्री उशिरा एका रुग्णालयात मी एकटाच होतो आणि आतून बोलावणं आलं. शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. कधीचे बसले होते कोण जाणे. "काका, एवढी बॅग..." मी वाक्य पुरं करायच्या आत त्यांनी ती ओढून मांडीवर घेतली.

परत यायला मला पाऊण तास लागला. काका तसेच बसलेले. बॅग मांडीवर, तिचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. मला बघून त्यांनी तो सावकाश सोडवला आणि म्हणाले, "घ्या. तुमचा माणूस बरा आहे ना?"

मी हो म्हटलं. त्यांच्या माणसाबद्दल विचारणार, तेवढ्यात दार उघडून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते उठले, दोन पावलं गेले, आणि परत येऊन आपली कापडी पिशवी माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत.

मला खरं तर घरी जायचं होतं. मी बसलो. पिशवीचे बंद माझ्या मनगटाभोवती कधी गुंडाळले गेले, कळलंच नाही.