आमची वाटचाल : देवांच्या फोटोपासून इटलीतल्या मांडवापर्यंत

२०११ ला सांगलीत फ्रेमिंग सुरू केलं तेव्हा काम म्हणजे देवांचे फोटो, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो, बास. लॉकडाऊननंतर लोकं कॅनव्हास प्रिंट मागायला लागली, बाहेरून करून आणण्यात काही उरत नव्हतं, मग मिसेस म्हणाली आपणच प्लॉटर, म्हणजे मोठ्या प्रिंट काढायचं मशीन, घेऊ. घेतला, हप्ते अजून चालूयत 😀

पहिली मोठी ऑर्डर एका मॅडमची, डायनिंगच्या भिंतीसाठी. इटलीचा चित्रकार सिल्वेस्त्रो लेगाचं 'इल पेर्गोलातो' म्हणजे मांडव, १८६८ चं चित्र, मूळ मिलानच्या ब्रेरा गॅलरीत आहे. फ्लॉरेन्सबाहेरचं खेडं, टळटळीत दुपार, वेलाच्या मांडवाखाली बायका आणि एक पोरगी बसलीये आणि कामवाली बाई कॉफी घेऊन येतीये. एवढंच, पण ते ऊन बघत बसावं असं. लेगा १८९५ लाच गेला त्यामुळे कॉपीराइटची कटकट नाही.

मॅडमना साइज हवा २४ बाय ३६ इंच. चित्राचं प्रमाण साधारण ४ ला ५, पण आमच्या पोरानं न बघता ओढून बसवलं आणि सगळ्या बायका आडव्या सुटल्या! मॅडम म्हणाल्या, अहो ह्यांना जेवण जास्त झालंय का? गंमत म्हणजे चित्राचं दुसरं नावच 'दुपारच्या जेवणानंतर' असं आहे, ते आम्हाला नंतर कळलं. न ओढता ३६ रुंद करायचं तर उंचीतले जवळजवळ ५ इंच कापावे लागतात, म्हणजे वरचा वेल तरी जाणार नाहीतर खालची सावली. शेवटी २४ बाय ३० वर तयार झाल्या. परत प्रिंट काढली तर सावली काळीकुट्ट, कारण आमचा मॉनिटर फुल ब्राइट. तीन टेस्ट पट्ट्या वाया गेल्या. लेगा ज्यांच्यातला, त्या चित्रकारांना १८६२ मध्ये टिंगल म्हणून 'माक्यायोली' म्हणजे डागवाले म्हणायला लागले, कारण उजेड आणि सावली सरळ रंगाच्या डागांनी मांडायचे, मग तेच डाग एकमेकात मिसळले तर राहिलं काय?

तेव्हापासून आम्ही आधी चित्राचं माप बघतो मग भिंतीचं, दोन ऑर्डरी त्यापायी गेल्या पण चालतंय.

फ्रेम लावायला मी स्वतः गेलो होतो. लेव्हल बघत होतो तर त्यांच्या स्वयंपाकाच्या मावशी पदराला हात पुसत आल्या, कॉफीवालीकडं बोट करून म्हणाल्या, "हिचं जेवण झालं का?"

ओढलेली प्रिंट दुकानात आमच्या चहाच्या टेबलावर लावलीये. फुकट देतो म्हटलं तरी कुणी नेत नाही.